चुकलेले उत्तर आधी वाचा: सेंद्रिय आणि भौतिक रसायनशास्त्राचे प्रश्न एकमेकांना समजावून देताना

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलेली चार-पाच मुले-मुली विद्यापीठाच्या परीक्षेसाठी आणि सोबतच आयआयटी जॅमसाठी (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेसाठी) एकत्र बसून प्रश्न सोडवू लागतात, तेव्हा बहुधा एकच क्रम दिसतो. एक जण अडलेला प्रश्न विचारतो, ज्याला तो येतो तो वहीत भराभर उत्तर लिहून दाखवतो, विचारणारा मान डोलावतो आणि सगळे पुढच्या प्रश्नाकडे वळतात. काही दिवसांनी तोच प्रश्न किंचित बदलून समोर आला, की विचारणारा पुन्हा त्याच जागी अडतो. सांगणाऱ्याचे ज्ञान कमी पडलेले नसते. विचारणाऱ्याने आधी कोणते उत्तर काढले होते आणि ते कोणत्या पायरीवर घसरले, हे मात्र कोणी पाहिलेले नसते. म्हणून गटात एकच नियम काटेकोरपणे पाळावा, असे मला वाटते: चुकलेले उत्तर खोडायचे नाही, ते सर्वांसमोर ठेवायचे, आणि बरोबर उत्तर सांगण्याआधी सर्वांनी ते वाचायचे.

या दोन शाखांमध्ये हा नियम विशेष उपयोगी पडतो, कारण इथल्या चुका मुक्या नसतात. सेंद्रिय रसायनशास्त्रात चुकीचा पदार्थ लिहिला गेला, तर मेकॅनिझममधली, म्हणजे अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते त्या क्रमातली, कोणती पायरी गाळली गेली हे त्या पदार्थाच्या रचनेवरूनच कळू शकते. भौतिक रसायनशास्त्रात चुकीचा आकडा आला, तर कोणते एकक बदलायचे राहिले किंवा कोणता गुणक सुटला हे त्या आकड्यावरून अनेकदा ओळखता येते.

प्रश्न मांडताना

विचारणाऱ्याने प्रश्न पूर्ण आणि जसाच्या तसा मांडावा. आठवणीतून सांगितलेल्या प्रश्नात नेमके तापमान, द्रावक किंवा ‘एक मोल’, ‘जास्त प्रमाणात’ असे शब्द गळतात, आणि अनेक प्रश्नांचे उत्तर त्याच शब्दांवर अवलंबून असते. बहुपर्यायी प्रश्न असेल तर सर्व पर्यायही द्यावेत. त्यानंतर आपण काढलेले उत्तर, त्यामागचे कारण आणि जिथे पाऊल अडले ती जागा, या तीन गोष्टी सांगाव्यात. ‘ब्युटाडाइनचा प्रश्न येत नाही, कोणी सांगेल का?’ असे विचारण्यापेक्षा पुढीलप्रमाणे विचारलेला प्रश्न कितीतरी जास्त मदत मिळवून देतो:

‘१,३-ब्युटाडाइनवर एक मोल एचबीआरची (हायड्रोजन ब्रोमाइडची) अभिक्रिया ४० अंश सेल्सिअसला केली, तर मुख्य पदार्थ कोणता? मी ३-ब्रोमो-१-ब्युटीन लिहिले, कारण दुसऱ्या कार्बनवरचा धनभार द्वितीयक आहे आणि टोकाच्या कार्बनवरचा प्राथमिक. उत्तरसूचीत १-ब्रोमो-२-ब्युटीन आहे. ब्रोमाइड टोकाला का जोडला जावा, हे मला कळत नाही.’

इतके वाचल्यावर मदत करणाऱ्याला बरेच काही समजते. विचारणाऱ्याला मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (दुहेरी बंधातल्या जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनला प्रोटॉन जोडला जातो) येतो आणि प्रोटॉन टोकाच्या कार्बनवर जातो हेही त्याने बरोबर ओळखले आहे. मात्र रेझोनन्सच्या, म्हणजे एकाच कणातले इलेक्ट्रॉन वेगळे मांडून काढलेल्या, दोन रचनांना तो दोन वेगळे कार्बोकॅटायन (कार्बनवर धनभार असलेले कण) समजतो आहे, आणि प्रश्नात दिलेल्या तापमानाचा त्याने उपयोगच केलेला नाही. म्हणजे समजावून सांगायच्या गोष्टी दोनच उरल्या.

लिहिण्याच्या सोयीबद्दल एवढेच: रचना असलेला प्रश्न शब्दांत टंकत बसू नये, कागदावर ठसठशीत रचना काढून सरळ वरून, सावली न पडू देता फोटो काढावा. वेज आणि डॅशचे (कागदाच्या पुढे आणि मागे जाणारे) बंध फोटोत वेगळे ओळखू आले नाहीत, तर स्टिरिओकेमिस्ट्रीची, म्हणजे अणूंच्या त्रिमितीय मांडणीची, सगळी चर्चा वाया जाते.

सेंद्रिय रसायनशास्त्र: पेन विचारणाऱ्याच्या हातात

वरच्याच प्रश्नाने सुरुवात करू. मदत करणाऱ्याने इथे थेट ‘उच्च तापमानाला १,४-पदार्थ (१-ब्रोमो-२-ब्युटीन) मिळतो’ असे सांगितले, तर ते वाक्य पाठ होईल आणि तेवढ्यावरच राहील. त्याऐवजी विचारणाऱ्यालाच पहिली पायरी काढायला सांगावी: पहिल्या कार्बनला प्रोटॉन जोडल्यावर तयार होणारा कॅटायन काढ, आणि आता दुहेरी बंधातील इलेक्ट्रॉन एका बाणाने सरकवून त्याची दुसरी रचना काढ. दोन्ही रचना शेजारी आल्या की विचारावे, ‘हे दोन कण आहेत की एकच?’ कण एकच आहे, धनभार दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर वाटला गेलेला आहे, हे विचारणाऱ्याच्या तोंडून आले की पहिली अडचण सुटते. ब्रोमाइड दुसऱ्या कार्बनला जोडला गेला तर ३-ब्रोमो-१-ब्युटीन मिळते, चौथ्याला जोडला गेला तर १-ब्रोमो-२-ब्युटीन; ‘प्राथमिक कार्बोकॅटायन कसा तयार होईल’ हा प्रश्न मग उरतच नाही.

दुसरी अडचण तापमानाची, आणि इथे सेंद्रिय व भौतिक रसायनशास्त्र एकमेकांना भेटतात. हीच अभिक्रिया उणे ८० अंश सेल्सिअसला केली, तर १,२-पदार्थ (३-ब्रोमो-१-ब्युटीन) सुमारे ८० टक्के आणि १,४-पदार्थ सुमारे २० टक्के मिळतो. ४० अंशांना हे प्रमाण जवळजवळ उलटे होते. कमी तापमानाला तयार झालेला पदार्थ मागे फिरू शकत नाही, म्हणून जो लवकर तयार होतो तो जास्त मिळतो. जास्त तापमानाला पदार्थ पुन्हा कॅटायनमध्ये जाऊ शकतो, समतोल साधला जातो आणि ज्याचा दुहेरी बंध मध्यभागी असून दोन्हीकडे कार्बन आहेत तो अधिक स्थिर १,४-पदार्थ वरचढ ठरतो.

गटाला थोडा वेळ असेल, तर इथे थांबू नये. दोन्ही तापमानांना गुणोत्तर चारास एक आहे. त्यातून ऊर्जेचा फरक काढायला सांगावा. वायू स्थिरांक ८.३१४, तापमान केल्विनमध्ये आणि चारचा नैसर्गिक लॉगरिदम १.३८६, यांचा गुणाकार केला की १९३ केल्विनला प्रतिमोल सुमारे २.२ किलोज्यूल येतात आणि ३१३ केल्विनला सुमारे ३.६ किलोज्यूल. सूत्र एकाच घडणीचे आहे, पण पहिला आकडा दोन मार्गांच्या सक्रियण मुक्त ऊर्जांमधला फरक सांगतो, तर दुसरा दोन पदार्थांच्या मुक्त ऊर्जांमधला. पहिल्या वेळी आपण टेकड्यांच्या उंचीची तुलना करत असतो, दुसऱ्या वेळी दऱ्यांच्या खोलीची. हा भेद ज्याला स्वतःच्या हाताने काढलेल्या आकड्यांतून दिसला, त्याला गतिकीय आणि ऊष्मागतिकीय नियंत्रण यांची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात यासारखे दुसरे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, म्हणून प्रत्येक गटाने ते एकदा तरी सावकाश करावे.

समजले की नाही याची परीक्षा ‘कळले का?’ असे विचारून होत नाही, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. त्याऐवजी सख्खे भावंड शोभेल असा प्रश्न लगेच द्यावा. ब्युटाडाइननंतर आयसोप्रीन द्यावे, म्हणजे २-मिथिल-१,३-ब्युटाडाइन. आता प्रोटॉन कोणत्या टोकाला जाईल हेही ठरवावे लागते: मिथिल गट असलेल्या कार्बनच्या शेजारच्या टोकाला तो गेला, तर धनभार तृतीयक कार्बनवर येतो, आणि तिथून ३-ब्रोमो-३-मिथिल-१-ब्युटीन व १-ब्रोमो-३-मिथिल-२-ब्युटीन हे दोन पदार्थ मिळतात. विचारणाऱ्याने दुसऱ्याच टोकाला प्रोटॉन लावला, तर पुन्हा एकदा चुकलेले उत्तर हाती आले आहे असे समजावे आणि ते वाचावे.

बाणांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. इलेक्ट्रॉनच्या जोडीची हालचाल दाखवणारे वक्र बाण रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये केरमॅक यांच्यासह वापरले आणि तेव्हापासून त्यांचा अर्थ ठरलेला आहे: बाणाचे शेपूट इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथे, टोक ते जिथे जातात तिथे. तरीही प्रोटॉनपासून दुहेरी बंधाकडे काढलेला बाण परीक्षेच्या वहीत वारंवार दिसतो, कारण लिहिणाऱ्याच्या मनात ‘प्रोटॉन हल्ला करतो’ असे चित्र असते. मित्राच्या वहीत असा बाण दिसला, तर तो आपण दुरुस्त करून देऊ नये. ‘या बाणाच्या शेपटाशी इलेक्ट्रॉन दाखव’ एवढेच म्हणावे. प्रोटॉनजवळ इलेक्ट्रॉन नाहीत हे लक्षात येताच तो स्वतः बाण फिरवतो. नायट्रोजनला पाच बंध झाले, ऑक्सिजनचा भार लिहायचा राहिला, अशा चुकांसाठीही हीच रीत वापरावी: प्रत्येक पायरीनंतर बंध मोज, मोकळ्या जोड्या मोज, एकूण भार आधीच्या पायरीशी जुळतो का पाहा. एका वेळी एकच बाण काढावा आणि तो विचारणाऱ्यानेच काढावा. सांगणारा जितका हुशार, तितकी दोन-तीन पायऱ्या एका दमात लिहून टाकण्याची त्याला सवय असते, म्हणून त्याच्या हातात पेन न देणे हीच खरी खबरदारी आहे.

काही प्रश्न सपाट रचनेवर सुटतच नाहीत, आणि तिथे शब्दांनी कितीही समजावले तरी उपयोग होत नाही. मेन्थिल क्लोराइड आणि नियोमेन्थिल क्लोराइड यांवर सोडियम इथॉक्साइडची अभिक्रिया हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बहुतेक जण झायत्सेव्हच्या नियमाने दोन्हींसाठी अधिक प्रतिस्थापित अल्कीन, म्हणजे ३-मेन्थीन, असे उत्तर देतात. नियोमेन्थिलसाठी ते मुख्य पदार्थ म्हणून बरोबर आहे. मेन्थिलपासून मात्र २-मेन्थीन मिळते. इथे सांगणाऱ्याने नियमाचा अपवाद सांगायची घाई न करता विचारणाऱ्याला खुर्चीच्या आकाराची रचना काढायला लावावी. ई२ मेकॅनिझमला, म्हणजे दोन्ही एकाच पायरीत निघून जाण्याला, क्लोरिन आणि निघून जाणारा हायड्रोजन विरुद्ध दिशांना, अक्षीय (सरळ वर किंवा खाली असलेल्या) स्थितीत लागतात. मेन्थिल क्लोराइडच्या स्थिर खुर्चीत क्लोरिन, मिथिल आणि आयसोप्रोपिल हे तिन्ही गट विषुववृत्तीय (कडेने बाहेर पसरलेले) असतात, त्यामुळे आधी खुर्ची उलटावी लागते. उलटलेल्या खुर्चीत क्लोरिनच्या शेजारी योग्य स्थितीतला हायड्रोजन फक्त एकाच बाजूला सापडतो, आणि तो आयसोप्रोपिलच्या कार्बनवरचा नसतो. ही अभिक्रिया पुष्कळ मंद का असते, याचेही उत्तर याच चित्रात आहे. गटात एखाद्याकडे बॉल-अँड-स्टिक मॉडेल असेल तर ते अशा वेळी मध्ये ठेवावे. नसेल तर महाविद्यालयाच्या विभागातून मागून आणावे.

स्टिरिओआयसोमर (अणूंची जोडणी तीच, पण त्रिमितीय मांडणी वेगळी असलेली रूपे) मोजण्याच्या प्रश्नांत तर चुकीचा आकडाच कारण सांगतो. २,३-डायक्लोरोब्युटेनसाठी कोणी ‘चार’ म्हणाले, तर त्याने दोन कायरल केंद्रांवरून (चार वेगवेगळे गट जोडलेल्या कार्बनांवरून) दोनचा वर्ग केला आणि मेसो रूप, म्हणजे आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत जुळणारे रूप, पाहिले नाही. बरोबर उत्तर तीन आहे. त्याला लगेच २,३-डायक्लोरोपेंटेन द्यावे, जिथे दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे उत्तर खरोखरच चार येते. या प्रश्नालाही त्याने ‘तीन’ म्हटले, तर तो ‘मेसो असतोच’ असे पाठ करून मोकळा झाला आहे.

भौतिक रसायनशास्त्र: आकड्यावरून चूक ओळखणे

भौतिक रसायनशास्त्रात मदत करणाऱ्याने आधी विचारणाऱ्याचा आकडा हातात घ्यावा आणि तो कसा आला असेल याचा शोध घ्यावा. एक साधे गणित पाहू: तापमान २९८ वरून ३०८ केल्विन केल्यावर अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो, तर सक्रियण ऊर्जा किती? अऱ्हेनियसच्या समीकरणावरून उत्तर प्रतिमोल सुमारे ५२.९ किलोज्यूल येते. एखाद्याने ०.५ किलोज्यूल लिहिले असेल, तर त्याने २५ आणि ३५ हे सेल्सिअसमधलेच आकडे सूत्रात घातले. २३ किलोज्यूल आले असतील, तर दशमान लॉगरिदम वापरला आणि २.३०३ चा गुणक विसरला. १२.६ आले असतील, तर वायू स्थिरांक १.९८७ घेतला, म्हणजे उत्तर किलोकॅलरीत आहे आणि एकक मात्र किलोज्यूल लिहिले आहे. ५३.४ आले असतील, तर पद्धत पूर्ण बरोबर असून दोनचा नैसर्गिक लॉगरिदम ०.६९३ ऐवजी ०.७ घेतला. पाच जणांच्या गटात या प्रत्येक आकड्याचा धनी सापडू शकतो, आणि चारही चुकांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. सगळ्यांना मिळून एकच ‘बरोबर पद्धत’ फळ्यावर लिहून दाखवली, तर ज्याने फक्त एकक चुकवले त्याचा वेळ जातो आणि ज्याला लॉगरिदमच समजलेला नाही तो तसाच राहतो.

विद्युतरसायनातले एक गणित याहूनही बोलके आहे. ताम्राच्या द्विभारित आयनापासून एकभारित आयन होण्याचे प्रमाण (स्टँडर्ड) इलेक्ट्रोड पोटेन्शियल ०.१५३ व्होल्ट आहे आणि द्विभारित आयनापासून धातुरूप तांबे होण्याचे ०.३३७ व्होल्ट, तर एकभारित आयनापासून तांबे होण्याचे किती? पुष्कळ जण सरळ वजाबाकी करून ०.१८४ लिहितात. त्यांना उत्तर न सांगता विचारावे, ‘वजाबाकी कशाची करता येते, व्होल्टची की ऊर्जेची?’ पोटेन्शियल हे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागचे माप आहे, म्हणून ते थेट वजा करता येत नाही. मुक्त ऊर्जा मात्र करता येते. दोन इलेक्ट्रॉन गुणिले ०.३३७, त्यातून एक इलेक्ट्रॉन गुणिले ०.१५३ वजा केले की ०.५२१ व्होल्ट हे बरोबर उत्तर येते. पुढचा प्रश्न तयारच असतो: ०.५२१ हे ०.१५३ पेक्षा मोठे आहे, यावरून पाण्यात एकभारित ताम्र आयनाचे काय होईल? तो स्वतःच विघटित होऊन तांबे आणि द्विभारित आयन देतो, आणि २९८ केल्विनला त्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक सुमारे १७ लाख येतो. हा स्थिरांक विचारणाऱ्याने स्वतः काढावा. नर्न्स्टच्या समीकरणाचा सराव आपोआप होतो.

ऊष्मागतिकीत निम्मे वाद चिन्हांवरून होतात आणि ते वाद रसायनशास्त्राचे नसतात. आजची प्रचलित पद्धत अशी, की व्यूहावर (ज्याचा विचार चालू आहे त्या वायूवर किंवा पदार्थावर) केलेले कार्य धन मानतात आणि अंतर्गत ऊर्जेतील बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य. जुन्या पुस्तकांत व्यूहाने केलेले कार्य धन असते आणि सूत्रात वजाचे चिन्ह येते. एकाने एक पुस्तक वाचलेले, दुसऱ्याने दुसरे. एक मोल आदर्श वायू ३०० केल्विनला रिव्हर्सिबल (कोणत्याही टप्प्यावर उलटवता येईल अशा) आणि आयसोथर्मल (तापमान स्थिर ठेवून) रीतीने दुप्पट आकारमानाला प्रसरण पावला, तर एकाचे कार्य उणे १७२९ ज्यूल येते आणि दुसऱ्याचे अधिक १७२९, आणि दोघेही अर्धा तास आपलेच बरोबर म्हणत राहतात. गटाने पहिल्याच दिवशी एक संकेत ठरवावा, तो प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि दुसऱ्या संकेताचे पुस्तक वापरायचे असल्यास तसे आधी सांगावे.

खरी संकल्पनेची चूक मात्र वेगळी ओळखू येते. वरचाच वायू निर्वात जागेत मुक्तपणे दुप्पट आकारमानाला पसरला, तर त्याच्या एन्ट्रॉपीतील बदल किती, असे विचारल्यावर ‘शून्य, कारण उष्णतेची देवघेव शून्य आहे’ हे उत्तर हमखास येते. हे उत्तर देणाऱ्याला ‘रिव्हर्सिबल’ हा शब्द व्याख्येत कशासाठी असतो हे उमगलेले नाही. एन्ट्रॉपी ही अवस्थेवर अवलंबून असते. म्हणून त्याच सुरुवातीच्या व शेवटच्या अवस्थांमधला रिव्हर्सिबल मार्ग शोधून त्यावरची उष्णता मोजावी लागते, आणि उत्तर प्रतिकेल्विन ५.७६ ज्यूल येते. इथे सूत्र सांगून भागत नाही, वेळ द्यावाच लागतो. हाच गोंधळ पुढे रासायनिक समतोलात, प्रावस्था बदलात, सगळीकडे आडवा येतो, त्यामुळे या एका प्रश्नावर पूर्ण संध्याकाळ गेली तरी मला ती जास्त वाटणार नाही.

उत्तर शहाणपणाला धरून आहे का, हे तपासण्याची सवयही एकमेकांना लावावी. दहाचा उणे आठवा घात इतक्या तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच कोणी ८ काढला, तर ‘आम्ल घातल्यावर पाणी अल्कधर्मी झाले का?’ एवढा प्रश्न पुरतो. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की पीएच ६.९८ येतो.

भाषेचा अडसर आणि संकोच

आपल्याकडे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात आणि पुढे सारे रसायनशास्त्र इंग्रजीत येते. अशा विद्यार्थ्याला कित्येकदा रसायनशास्त्र अडत नाही, वाक्य अडते. गटात कारणमीमांसा निःसंकोच मराठीत करावी, संज्ञा परीक्षेतल्याच ठेवाव्यात, आणि शेवटी ज्याने प्रश्न विचारला त्यानेच तीन-चार इंग्रजी वाक्यांत उत्तर लिहून दाखवावे. इतरांनी त्यातले रसायनशास्त्र आधी तपासावे, व्याकरण नंतर.

गटात एक-दोन जण कधीच प्रश्न विचारत नाहीत. त्यांना सर्व येते असे मानू नये; बहुधा इतरांसमोर चूक दिसेल या भीतीने ते गप्प असतात. यावर एक साधा उपाय आहे: प्रत्येक बैठकीत गटातल्या सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याने आपले चुकलेले एक उत्तर सर्वांत आधी समोर ठेवावे. आणि कोणी चुकले तर हसायचे नाही, ‘इतके सोपे आहे’ असे म्हणायचे नाही. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे, त्याला ती सोपी वाटते. शेजारच्याला ती अजून समजलेली नाही, याखेरीज त्या शब्दांत काही माहिती नसते.

उत्तर येत नसेल तर सांगणाऱ्याने तसे स्पष्ट म्हणावे. अंदाजाने काढलेला मेकॅनिझम ठामपणे सांगितला, तर पाच जण एकच चूक घेऊन परीक्षेला बसतात. तसेच जो प्रश्न सध्या चालू असलेल्या चाचणीतला आहे किंवा गुणांसाठी वैयक्तिक जमा करायच्या स्वाध्यायातला आहे, तो गटात सोडवू नये. मुदत संपल्यावर खुशाल चर्चा करावी.

जॅमच्या रचनेप्रमाणे सराव

जॅमच्या रसायनशास्त्राच्या पेपरात तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. पहिल्या विभागात एकच पर्याय बरोबर असलेले ३० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एकतृतीयांश गुण कापले जातात. दुसऱ्या विभागातल्या १० प्रश्नांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात; तिथे गुण कापत नाहीत, पण अर्धवट बरोबर उत्तराला काहीच मिळत नाही. तिसऱ्या विभागात २० प्रश्नांची उत्तरे आकड्यात द्यायची असतात.

दुसऱ्या विभागाचा सराव गटात फार चांगला होतो. चार पर्याय चौघांना वाटून द्यावेत आणि प्रत्येकाने आपला पर्याय बरोबर किंवा चूक का, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे. ‘बाकीचे दोन बरोबर दिसतात म्हणून हा चूक’ असा युक्तिवाद मान्य करू नये. तिसऱ्या विभागासाठी मधल्या पायऱ्यांत आकडे पूर्णांकित न करण्याची शिस्त एकमेकांना लावावी. उत्तरसूचीत बहुधा उत्तराची कक्षा दिलेली असते, आणि वर पाहिलेला ५३.४ सारखा आकडा योग्य पद्धतीने येऊनही कक्षेबाहेर पडू शकतो. परीक्षेत पडद्यावरचा कॅल्क्युलेटर वापरावा लागतो, म्हणून सरावालाही तसाच वापरावा. नेहमीच्या कॅल्क्युलेटरवर सवयीने चालणारी बोटे तिथे उपयोगी पडत नाहीत.

जुन्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावर मिळतात आणि त्यांची अधिकृत उत्तरसूचीच प्रमाण मानावी. शिकवणीच्या पुस्तकांत छापलेली उत्तरे काही वेळा चुकलेली असतात. गटाचे उत्तर आणि छापील उत्तर जुळत नसेल, तर लगेच आपले उत्तर सोडू नये आणि लगेच पुस्तक चूक आहे असेही म्हणू नये. दोघांनी एकमेकांचे न पाहता प्रश्न पुन्हा सोडवावा; दोघांचे उत्तर एकच आले आणि प्रत्येक पायरीला पाठ्यपुस्तकाचा आधार सापडला, तर तो प्रश्न कागदासह विषयाच्या प्राध्यापकांकडे न्यावा.

परीक्षा झाल्यावरही गटाचे एक काम उरते. विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे आणि तात्पुरती उत्तरसूची जाहीर होते, आणि ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून एखाद्या उत्तरावर आक्षेप घेता येतो. आक्षेप घ्यायचा का, हे एकट्याने ठरवू नये. ज्याला ते उत्तर चुकीचे वाटते त्याने आपले कारण पूर्ण लिहून काढावे, गटातल्या दुसऱ्याने ते खोडून काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, आणि तो प्रयत्न फसला तरच पाठ्यपुस्तकाचे नाव, पान आणि सोडवलेल्या पायऱ्या जोडून मुदतीच्या आत आक्षेप दाखल करावा.